करवा चौथचा छापा आणि दारातले बूट

आमच्या दफ्तरात शिरलं की समोरच्या भिंतीवर एक फळा दिसायचा. त्यावर हिंदीत तीन ओळी होत्या : स्वीकृत पद ११, कार्यरत ३, रिक्त ८. आधी हे आकडे ऑइलपेंटने लिहिलेले होते. मग ते इतक्या वेळा बदलावे लागले की मी खडूवर आलो. बाहेरच्या माणसाला वाटायचं की इथे लवकरच आठ जणांची भरती होणार. दर महिन्याला कोणीतरी आपल्या भाच्याचा अर्ज घेऊन यायचंच. त्यांना चहा पाजून परत पाठवणं हेही मग माझ्याच कामात आलं, कारण चहा पाजणारा शिपाई त्या रिक्त आठांतच होता.

दिल्लीच्या आसपास ज्या अनेक महापालिका आहेत, त्यांपैकी एकीत मी नोकरीची शेवटची वर्षं काढली. कुठल्या ते सांगत नाही, माझी माणसं अजून तिथे आहेत. आमच्या खात्याचं कागदोपत्री नाव 'सत्यापन प्रकोष्ठ', म्हणजे पडताळणी कक्ष. गल्लीतले लोक म्हणायचे 'मुर्दा-जिंदा दफ्तर'. ते नाव जास्त बरोबर होतं.

काम सोपं आहे, सांगतो. महापालिका म्हाताऱ्यांना, विधवांना, अपंगांना दरमहा पेन्शन देते. बहुतेक लोक खरे असतात. काही नसतात. आई वारलेली असते आणि मुलगा तिच्या नावाने पेन्शन उचलत असतो. एकच गृहस्थ एका वॉर्डात सत्तरीचा आणि दुसऱ्या वॉर्डात पासष्टचा असतो. विधवेने पुन्हा लग्न केलं की नियमाने पेन्शन बंद होते, म्हणून काही जणी लग्न लपवतात. आम्ही घरी जायचं आणि कागदावरचं माणूस कागदावर आहे तसंच घरात आहे का, ते बघून यायचं.

मी रुजू झालो तेव्हा आम्ही अकरा जण होतो आणि एक जीप होती. मग दरवर्षी बजेट आटत गेलं. आधी जीप गेली, ड्रायव्हर मागाहून गेला. मधले काही महिने तो जीपशिवाय होता. खुर्चीत बसून डुलक्या घ्यायचा आणि झोपेत डावा हात गिअर टाकल्यासारखा हलवायचा. निरीक्षक निवृत्त होत गेले, त्यांच्या जागा तशाच राहिल्या. शेवटी मी एकटा उरलो तेव्हा मुख्यालयाला कडक पत्र लिहिलं की कायद्याचं ज्ञान असलेले, अनुभवी, किमान दोन अन्वेषक तात्काळ पाठवावेत.

मुख्यालयाने तात्काळ दोन माणसं पाठवली. एक होत्या शीला राणी, बंद पडलेल्या महापालिकेच्या बालवाडीतल्या बाई. दुसरा रामफल, माळी. त्याची बाग ठेकेदाराला दिल्यामुळे तो 'अतिरिक्त' झाला होता. बाई पन्नाशीच्या, हरयाणवी, आवाज असा की दोन वर्गांत एकदम शिकवावं. रामफल साठीला टेकलेला, एक गुडघा दुखरा, बोलणं कमी.

मी भडकलो. यांना परत घ्या म्हणून तीन पानी पत्र टाइप केलं आणि आवक-जावकमध्ये दिलं. तिथली जागाही रिक्त असल्यामुळे ते पत्र कधी गेलंच नाही. आयुष्यात ज्या काही गोष्टींबद्दल मी सरकारी ढिलाईचा ऋणी आहे, त्यात ही पहिली.

कारण ती दोघं काय चीज होती ते मला पंधरा दिवसांत कळलं. एका घरी आम्ही गेलो. मुलाने खाटेवर पांघरूण घेतलेली म्हातारी दाखवली, आधार कार्ड दाखवलं. मी समाधानाने फॉर्मवर सही करणार, तोच शीलाबाई अंगणातल्या चारेक वर्षांच्या मुलीपुढे उकिडव्या बसल्या.

"बेटा, ये दादी कहानी सुनाती है?"

"ये मेरी दादी थोडी है, ये तो पिंकी की है," मुलगी म्हणाली. "मेरी दादी तो तारा बन गई."

मुलगा खाली बघायला लागला. पिंकीची दादी पांघरुणातून उठली, चपला घातल्या आणि पिंकीकडे निघून गेली. जाता जाता मला म्हणाली, "साहब, हमारी वाली पेन्शन तो असली है ना, उसे मत छेड़ना."

रामफलची रीत वेगळी. तो दार वाजवायच्या आधी कुंड्या बघायचा. "साहब, तुलसी सूखी है. जो पानी देती थी, वो अब नहीं है." आणि खरोखरच म्हातारी पावसाळ्यापूर्वी गेलेली असायची. एकदा शेजारी शपथेवर सांगत होते की या घरातली बाई केव्हाच गावी निघून गेली. रामफलने मातीत बोट खुपसलं. "सुबह का पानी है." आम्ही थांबलो. तासाभराने बाई भाजी घेऊन आली. शेजाऱ्यांना तिची खोली हवी होती. त्या दिवशी आम्ही एक पेन्शन बंद व्हायची वाचवली. फळ्यावर अशा वाचवलेल्यांसाठी रकानाच नव्हता.

आता माझ्या पानिपताकडे येतो. त्या लढाईचं रणांगण, काला अंब, आमच्यापासून फार लांब नाही. महाराष्ट्रातून पाहुणे आले की मी त्यांना तिथे नेऊन, मराठे कुठे चुकले, हे मोठ्या अधिकाराने सांगत असे. स्वतःचं पानिपत होईपर्यंत माणूस असंच बोलतो.

झालं असं की नवीन उपायुक्त मॅडम आल्या. कामाला वाघीण, बोलायला मोजक्या. त्यांचं पत्र आलं की या कक्षाने तिमाहीत किती अपात्र शोधले ते कळवावं. उपयुक्तता दिसली नाही तर कक्ष बंद करून कर्मचारी इतरत्र वळवले जातील. इतरत्र म्हणजे शीलाबाईंना कचरा-डेपोचं रजिस्टर आणि रामफलला दुखऱ्या गुडघ्यानिशी पाणपट्टीच्या नोटिसा वाटणं. माझी निवृत्ती दोन वर्षांवर होती, मला काही फरक पडत नव्हता. पण ही दोघं जातील या विचाराने माझी झोप उडाली. आणि झोप उडालेल्या माणसाला कल्पना सुचतात.

मला करवा चौथ सुचली.

मराठी वाचकांसाठी सांगतो. इकडे कार्तिकात बायका नवऱ्यासाठी दिवसभर उपास करतात, पाण्याचा थेंबही घेत नाहीत, चंद्र बघूनच सोडतात. आदल्या दिवशी हातभर मेंदी. आम्ही बौद्ध, मूळचे भंडाऱ्याकडचे. आमच्या घरी वटपौर्णिमाही नाही आणि करवा चौथही नाही. पण वडील केंद्र सरकारात, त्यामुळे मी दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात वाढलो. गच्चीवरून शेजारणींची करवा चौथ बघत बघत मी त्या विषयाचा तज्ज्ञ झालो होतो, असा माझा समज होता.

योजना अशी होती : पुनर्विवाहाच्या निनावी तक्रारी आलेल्या विधवांची यादी घ्यायची. बरोबर करवा चौथच्या दुपारी घरी जायचं आणि तळहात बघायचे. वर्षातला एकच दिवस, जेव्हा पुरावा हातावर लिहिलेला असतो!

मी ही योजना टेबलावर मूठ आपटून सांगितली. शीलाबाईंनी शांतपणे ऐकली.

"अच्छा है, साहब. पर उस दिन मैं नहीं आऊंगी."

"क्यों?"

"मेरा व्रत है."

रामफल खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मेरी घरवाली का भी. उस दिन घर से निकला तो अगले साल मेरे लिए कोई व्रत नहीं रखेगा."

"और साहब," शीलाबाई जाता जाता म्हणाल्या, "मेहंदी तो मन की चीज है. सिर्फ मेहंदी पर मत जाना."

"सिर्फ मेहंदी पर नहीं जाऊंगा," मी म्हणालो. हे वाक्य लक्षात ठेवा.

तर छाप्याला मी एकटाच गेलो. यादीतल्या तीन घरांना कुलपं होती, एकीकडे कुत्रं होतं. पाचवं दार कमलेशचं. नाव बदललंय. दाराशी पुरुषी बूट, काळे, नाडीचे. मी मनात टिपलं : बूट. दार वाजवलं. बऱ्याच वेळाने उघडलं. पस्तिशीची बाई, डोळे तांबारलेले, पदर सावरायला हात वर केला आणि माझं काळीज आनंदाने उडालं. दोन्ही तळवे बोटांच्या टोकापर्यंत गडद लाल!

"थकी लग रही हो," मी कनवाळूपणे म्हणालो. "खाना-वाना खाया?"

"कहां साहब. अभी तो पानी भी नहीं पिया."

झालं! मेंदी, निर्जळी उपास आणि नवऱ्याचे बूट. तीन पुरावे. मी सिर्फ मेहंदी पर गेलोच नव्हतो. तिथेच कट्ट्यावर बसून अहवाल लिहिला : पुनर्विवाह सिद्ध. घरी जाताना गाजियाबादच्या स्टॉपवर उतरून मिठाई घेतली. पुष्पा, माझी पत्नी, म्हणाली, "आज काय विशेष?" मी म्हणालो, "कक्ष वाचला."

पेन्शन बंद झाली. नियमाप्रमाणे नोटीस दाराला चिकटवली. आम्ही वाट बघत होतो की बाई भांडायला येईल. पेन्शन बंद झालेली प्रत्येक बाई येते. खरी असो वा खोटी, रडते, ओरडते, नगरसेवकाला आणते. कमलेश आली नाही. एक महिना, दोन महिने. मी म्हणायचो, "बघा, चोराच्या मनात चांदणं."  तिसऱ्या महिन्यात शीलाबाई बोलल्या.

"साहब, झूठी औरत तो पहले दिन आती है. जो नहीं आई, उसके पास कुछ है जो वो दिखा नहीं सकती. मैं देख के आती हूं."

त्या आणि रामफल गेले. दुपारी परत आले. रामफल थेट कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला आणि गुडघा चोळत राहिला. शीलाबाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या. बालवाडीत चड्डी ओली केलेल्या पोराकडे बघतात तशा माझ्याकडे बघत होत्या.

"मेहंदी लगाती है, साहब. काम है उसका."

कमलेश शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका मोठ्या कॉलनीच्या बाजारात, एका बांगडीवाल्याच्या दुकानासमोर स्टूल टाकून मेंदी काढायची. करवा चौथच्या आधीचे दोन दिवस ती जेवायलाही उठली नव्हती. मेंदीच्या कोनाची धार बघायला कारागीर आपल्याच तळव्यावर रेघ ओढतात. म्हणून हात लाल. त्या दुपारी ती दोन दिवसांची झोप काढत होती, मी दार बडवून तिला उठवलं, म्हणून पाणी प्यालेली नव्हती.

"और जूते?" मी शेवटचा मोहरा पुढे केला.

रामफल कोपऱ्यातून म्हणाला, "जूते में मकड़ी का जाला है, साहब. पुराना. मरे हुए आदमी के जूते हैं. अकेली औरत दरवाजे पर रखती है, कि कोई समझे घर में मर्द है."

मी तीस वर्षं सरकारी नोकरी केली आणि मला बुटातलं कोळ्याचं जाळं दिसलं नाही.

"तर मग ती का आली नाही?" मी विचारलं. "दुकानदाराचं पत्र आणायचं, मेंदीचं काम करते म्हणून. लगेच चालू केली असती."

"दुकानदाराला काय सांगणार?" शीलाबाई म्हणाल्या. (हे सगळं हिंदीत चाललं होतं, मी मराठीत सांगतो.) "करवा चौथची मेंदी म्हणजे सौभाग्याची मेंदी. बाजारात ती कपाळावर टिकली लावून, हातभर बांगड्या घालून बसते. तिथे सगळ्यांना वाटतं तिला नवरा आहे. विधवेच्या हातून ही मेंदी कोण काढून घेणार, साहेब? तुमच्या पत्रासाठी ती त्या दुकानदाराला सांगेल की मी विधवा आहे, आणि दुसऱ्या दिवशी स्टूल रस्त्यावर."

म्हणजे माझ्या एका कागदाने तिला गल्लीत सवाष्ण केलं होतं. लोक विचारत होते, कोण गं तो? आणि ते खोटं ठरवायचं तर तिने बाजारात विधवा व्हायचं. पेन्शन घ्यावी तर रोजगार जातो, रोजगार राखावा तर पेन्शन आणि अब्रू. म्हणून ती गप्प बसली होती.

मी लगेच फाइल ओढली. सरकारी भाषेत अशा वेळेसाठी एक सुंदर वाक्य आहे, तेच लिहिलं : 'तत्पश्चात प्राप्त माहितीच्या आधारे प्रकरणी फेरविचार करण्यात येत आहे.' या वाक्यात कोणीच चुकत नाही. माहितीच उशिरा येते.

शीलाबाईंनी वाचलं. "साहब, बाद में कौन सी जानकारी आई? हाथ तो उस दिन भी वही थे. और बड़े दफ्तर से पूछेंगे कि वो जानकारी लाओ. फिर?"

बरोबर होतं. माहिती म्हटली की पुरावा लागतो आणि पुरावा बाजारातच होता. पुरावा न मागता पेन्शन सुरू करायचा एकच रस्ता होता. पहिला अहवालच चुकीचा होता, असं तो लिहिणाऱ्याने स्वतः लिहून द्यायचं. आणि उपायुक्त मॅडमच्या टेबलावर त्याच आठवड्यात आमच्या कक्षाचं भवितव्य होतं. तिमाहीत दाखवण्यासारखा आमचा ठळक 'अपात्र' एकच, कमलेश.

"शीलाजी, हे लिहिलं तर कक्ष जाईल. तुम्हाला कचरा-डेपो."

"चालीस बच्चों की नाक पोंछी है, साहब. कचरे से क्या डर."

रामफल म्हणाला, "पानी के नोटिस मैं धीरे-धीरे बांट लूंगा."

मी लिहिलं : 'हाताचा रंग हा पुरावा नव्हे. मी चौकशी न करता निष्कर्ष काढला. चूक माझी. लाभार्थीकडून कोणताही कागद मागू नये.' खाली सही. नोकरीत मी हजारो सह्या केल्या असतील. स्वतःविरुद्ध केलेली तेवढी एकच.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं कमलेशकडे गेलो. ती दारातच उभी राहिली. मी गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, माझ्या भंडारा वळणाच्या हिंदीत सांगितलं की नोटीस चुकीची होती, गलती मेरी थी. समोरच्या खिडकीतली बाई म्हणाली, "लो, सरकार माफी मांग रही है, बाहर आओ सब!" दहा-बारा बायका जमल्या. मला तीनदा सांगावं लागलं, कारण उशिरा येणाऱ्यांनाही ऐकायचं होतं.

कमलेश हसली नाही. आत गेली, कोन घेऊन आली.

"हाथ दीजिए."

"अहो, मी पुरुष..."

"आपने मेरा हाथ देख के ठप्पा लगाया था. अब मेरी बारी."

माझ्या उजव्या तळव्यावर तिने गोल काढला, आत आणखी एक गोल, कडेने नाजूक कळ्या. हुबेहूब सरकारी शिक्का. मग मात्र ती हसली. मी जाता जाता तिला माझ्या धंद्यातली एक गोष्ट दिली.

"ते बूट कोणालाही फसवणार नाहीत, फक्त मला फसवलं. रोज जागा बदला, थोडा चिखल लावा."

घरी पुष्पाने हात बघितला. "हे काय हो? कुणाच्या लग्नाला जाऊन आलात?" मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "चढू दे चांगली. साबण लावू नका आज."

तिसऱ्या दिवशी मॅडमकडे मीटिंग. हात खिशात घालून बसता येईना. मॅडमनी माझी नोंद वाचली, दोनदा. मग मान वर केली.

"गजभिये जी, अपने खिलाफ ऐसा नोट मैंने पहली बार देखा है." मग त्यांची नजर माझ्या तळव्यावर गेली. थांबली. "ये कलियां..." त्यांनी स्वतःचा हात नकळत उलटा केला. "ये तो हमारे मार्केट वाली का काम है. बांगडीवाल्यासमोर बसते ती. मी दरवर्षी तिच्याकडूनच काढून घेते."

मी मूठ मिटली.

"बड़ा शुभ हाथ है उसका," मॅडम म्हणाल्या. फाइलवर बोट तसंच. "नवरा काय करतो तिचा?"

आयुष्यभर लोकांचं खोटं पकडलेला मी, मॅडमच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "चौकीदार है, मॅडम. दरवाजे पर ही रहता है."

पंखा फिरत होता. मॅडमनी फाइलकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं. त्यांना काय कळलं आणि काय नाही, हे मला आजतागायत माहीत नाही.

"ठीक है," त्या म्हणाल्या. "अच्छा चौकीदार है. उसे रहने दीजिए." आणि सही केली. दोन सह्या केल्या. एक कमलेशच्या पेन्शनवर, आणि दुसरी आमच्या कक्षावर : आहे त्या तीन पदांसह पुढे चालू. रिक्त आठ मात्र रद्द. मी परत येऊन फळा पुसला. स्वीकृत ३, कार्यरत ३, रिक्त ०. जीप गेल्यानंतर पहिल्यांदाच माझ्याकडे पूर्ण मनुष्यबळ होतं.

पुढच्या करवा चौथला शीलाबाई रजेवरून परतल्या तेव्हा बातमी घेऊन आल्या. मॅडम त्याच बाजारात, त्याच स्टुलासमोर बसल्या होत्या, दोन्ही हात पुढे करून.

मी निवृत्त झालो त्या दिवशी भाषणात मला आभार मानायचे होते, पण मी पेन्शन-फॉर्मबद्दलच काहीतरी बोलून खाली बसलो. ते आभार इथे मानतो. शीला राणीचे, रामफलचे, आणि माझं ते तीन पानी पत्र हरवणाऱ्या अज्ञात रिकाम्या खुर्चीचे. हे लिहू का, म्हणून कमलेशलाही विचारलं होतं. ती म्हणाली, "मराठी में लिखो साहब, हमारे बाजार में मराठी कौन पढ़ता है."

निरोपसमारंभानंतर मी शीलाबाईंच्या हाती एक पिशवी दिली. माझे सरकारी दौऱ्याचे बूट, आठ नंबरचे, कडेला वॉर्डावॉर्डाची धूळ. त्या कमलेशला देऊन आल्या. नवऱ्याचे बूट आता तिने पुसून आत, त्याच्या फोटोखाली ठेवलेत. बाहेर माझे असतात. रोज जागा बदलते, थोडा चिखल लावते.

मी घरी बसलो आहे. बूट अजून ड्यूटीवर आहेत.